पहिला घोट

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये बाराही महिने मुंग्या असत. मुख्याध्यापकांनी आधी शिपायाला फैलावर घेतलं, मग डबा खाताना सांडणाऱ्या संगीताच्या बाईंना, आणि शेवटी पावडर आणून स्वतः खिडकीखाली मारली. मुंग्या काही दिवस रजेवर गेल्या आणि परत रुजू झाल्या. त्यांची रांग खिडकीतून उतरे, कपाटाला वळसा घाली आणि भूगोलाच्या सरांच्या खुर्चीपाशी येऊन संपे. तिथे फरशीवर चहाचा एक डाग कायम ओला असे.

सर चहाचा पहिला घोट पीत नसत. कप हातात आला की जरासे वाकत, चार थेंब जमिनीवर टाकत, मग ताठ बसून उरलेला चहा सावकाश संपवत. हा शोध लागला त्या दिवशी मुख्याध्यापक सर्वांदेखत म्हणाले, "सर, हे काय करता तुम्ही?" सरांनी चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि वर्गावर निघून गेले. दुसऱ्या दिवशी राष्ट्रगीत संपल्या संपल्या ते मुख्याध्यापकांच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "पहिला घोट आपला नसतो." मुख्याध्यापकांना आपण काय विचारलं होतं तेच आठवेना.

या दोन सवयींत माणूस जवळजवळ सगळा आला. पहिला घोट प्यायचा नाही, आणि विचारलेल्याचं उत्तर त्याच दिवशी द्यायचं नाही.

पहिली सवय त्यांनी डोंगरातून आणली होती. धुळ्याला, देवपूरच्या आमच्या शाळेत येण्याआधी ते शिरपूरच्या वर सातपुड्यात एका आश्रमशाळेत बरीच वर्षं होते. तिथली पावरा आदिवासी मंडळी मोहाची दारू घेऊन बसली की आधी चार थेंब जमिनीवर टाकतात. धरतीला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना. मग आपण. सर स्वतः दारू क्वचितच घेत, पण ही रीत त्यांना इतकी पटली की त्यांनी ती सरसकट सगळ्या पातळ पदार्थांना लागू केली. उसाचा रस, सोडा, ताक, एवढंच काय, खोकल्याचं औषधसुद्धा. एका स्नेहसंमेलनात त्यांनी पाहुण्यांच्या शेजारी बसून सरबताचा पहिला घोट टाकला, तो पाहुण्यांच्या पांढऱ्या बुटावर पडला. पाहुणे भाषणात शिस्तीवर जरा जास्तच बोलले.

दुसरी सवय कुठून आली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मुलांना मात्र ती पाठ होती. सोमवारी प्रश्न, मंगळवारी उत्तर. तेही मध्येच, काही संबंध नसताना. आफ्रिकेची वाळवंटं शिकवता शिकवता थांबून म्हणायचे, "नाही, पांझरा तापीला मिळते, नर्मदेला नाही," आणि पुढे चालू. काल विचारलेला पोरगा तेवढा खाली बघून लिहून घ्यायचा. त्यांचं लग्न झालं नाही, त्याचीही एक गोष्ट सांगत. मुलगी पाहून आले, पसंत आहे का विचारलं तर गप्प. दुसऱ्या दिवशी होकार कळवला, तोवर मुलीकडच्यांनी नकार समजून दुसरीकडे सुपारी फोडलेली. हे अण्णा सांगत. खरंखोटं अण्णा जाणे.

अण्णा म्हणजे त्यांचे कॉलेजातले खोलीसोबती. मूळचे जामनेर तालुक्यातले, जळगावात ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं आणि बियाण्यांचं दुकान. माणूस सरळ, तापट आणि दारूचा हाडवैरी. त्याला कारणही तसंच होतं. अण्णांचे थोरले भाऊ, ज्यांना ते दादा म्हणत, दारूपायी गेले. त्यानंतर अण्णांनी गावातल्या बायका जमवून दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान घडवून आणलं. त्या मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. अण्णांच्या गावानं बाटली आडवी केली. तेव्हापासून पंचक्रोशीत कोणी दारूबंदीचं नाव काढलं की लोक अण्णांना बोलावणं धाडत. त्यांच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन मग कपाटात जाई.

दर हिवाळ्यात अण्णांच्या शेतावर भरीत पार्टी असे. तुरीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, कांद्याची पात आणि वाकायला अवघड होईल इतकं जेवण. सरांमुळे मलाही आमंत्रण असायचं. अशाच एका पार्टीत जेवणं उरकल्यावर अण्णा बाजेवर बसून एकाएकी म्हणाले, "पोरगं चार वर्सांपासून घरी आलं नाही. फोनवर दिसतं. पन फोनवर दिसनं म्हंजे काय दिसनं!"

पोरगं म्हणजे निखिल, अण्णांचा एकुलता एक. शेतकीचं शिकला, पुढचं शिकायला ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथेच अ‍ॅडलेडच्या बाजूला कामाला लागला. अण्णा सगळ्यांना अभिमानानं सांगत, द्राक्षाच्या ज्यूसच्या कारखान्यात आहे. वहिनी, म्हणजे अण्णांच्या बायको, त्या वेळी नेमक्या उठून आत जात. त्यांचे गुडघे दुखत, पण या एका वाक्याला त्या बऱ्या चालत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा अण्णांना फोन गेला, "आपन जाऊत. मी, तू आनि गणित." गणित म्हणजे मी. ते मला माझ्या विषयानंच हाक मारत. मी सोबत हवा होतो तो इंग्रजीसाठी, कारण अण्णांना इंग्रजी येत नव्हतं आणि सरांना ते दुसऱ्या दिवशी यायचं.

आता ऑस्ट्रेलिया म्हटलं की सरांचं काय व्हायचं ते सांगायला हवं. हा धडा ते आयुष्यभर शिकवत आले होते. नकाशा न बघता फळ्यावर काढायचे, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात खडू टेकवून म्हणायचे, "इथे द्राक्षं. इथली माती आपल्यासारखी काळी." परदेश सोडा, त्यांनी नर्मदेपलीकडे पाय ठेवला नव्हता. तिकीट हातात आल्यावरही चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त नवीन चपला घेतल्या.

विमानात अण्णा झोपल्यावर सर माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, "निखिल दारू करतो."

"पितो म्हणा," मी दचकून म्हणालो.

"करतो."

मग त्यांनी थोडक्यात सगळं सांगितलं. कारखाना ज्यूसचा नव्हता. ती दीडशे वर्षं जुनी वायनरी होती, आणि निखिल तिथे वाइन करायला शिकला होता. आता त्याच्यावर जबाबदारी आली होती, यंदाची काही पिंपं पहिल्यांदाच पूर्ण त्याच्या हातची होती. आईला त्यानं खरं सांगितलं. बापाला सांगायची त्याची छाती झाली नाही, आणि समोर बसून खोटं बोलायचीही नाही, म्हणून त्यानं घरी येणंच सोडून दिलं. वहिनींनी हे सरांजवळ बोलून दाखवलं, कारण ज्याच्या तोंडातून साधं उत्तरही दिवसभर बाहेर पडत नाही, त्याच्या पोटात गोष्ट राहणार याची त्यांना खात्री होती. विमानतळावर निरोप देताना वहिनी सरांना एवढंच म्हणाल्या होत्या, "भाऊ, माहं पोरगं घरी आलं पाहिजे. बाकी तुम्ही जाना."

"मग अण्णांना तुम्ही सांगणार?" मी विचारलं. सरांनी पाण्याचा पेला उचलला, चार थेंब विमानाच्या गालिच्यावर टाकले आणि डोळे मिटले. उत्तर दुसऱ्या दिवशी अ‍ॅडलेडला दात घासताना मिळालं. "सांगायचं नाही. दाखवायचं."

निखिल विमानतळावर आला तेव्हा अण्णांनी आधी त्याचे हात पाहिले. बोटं, नखं, तळवे, सगळे काळेजांभळे. "हात कशानं काळे झाले रे?"

"द्राक्षांचा हंगाम चालू आहे, अण्णा. रंग जात नाही."

"नको जाऊ दे. कष्टाचे हात आहेत," अण्णा म्हणाले आणि ते हात त्यांनी बराच वेळ सोडले नाहीत. निखिल जमिनीकडे बघत उभा होता. मला त्या पोराची फार दया आली.

हंगाम असल्यामुळे निखिलला सुट्टी नव्हती. त्यानं एका ओळखीच्या पंजाबी टॅक्सीवाल्याला आमच्यासोबत दिलं आणि समुद्र, प्राणिसंग्रहालय, बाग अशी भरगच्च यादी सांगितली. सरांनी ऐकून घेतलं. सकाळी टॅक्सीत बसल्यावर म्हणाले, जुन्या वायनऱ्या पाहायच्या. दगडी इमारती आहेत, जर्मन लोकांनी येऊन बांधलेल्या, भूगोल आणि इतिहास दोन्ही होईल. अण्णा भडकले. "तुले काय म्हातारपनी दारूचे डोहाळे लागले?" सर गप्प. टॅक्सी बरोसा खोऱ्याच्या रस्त्याला लागली होती.

मीही तेव्हा मनातून वैतागलो. मला वाटलं, आयुष्यभर फळ्यावर द्राक्षं काढली, आता ती चाखायची हौस भागवून घेतायत.

पहिली वायनरी खरंच देखणी होती. जाड दगडी भिंती, आत गारवा, आणि पॉलिश केलेली जुनी लाकडी जमीन. अण्णा काच बंद करून टॅक्सीतच बसले, जळगावहून आणलेला शेवचिवडा मांडीवर घेऊन आणि नाकाला रुमाल लावून. आत काउंटरमागच्या बाईंनी आम्हाला चाखायला जरा जरा ओतून दिलं आणि वर्णन करू लागल्या. यात मनुकांचा, चामड्याचा आणि तंबाखूचा वास आहे म्हणाल्या. चामडं आणि तंबाखू मुद्दाम कोण पितं, असा प्रश्न मला पडला, पण मान डोलवली. मला सगळ्या सारख्याच लागत होत्या. तेवढ्यात सर वाकले आणि त्यांनी चार थेंब त्या पॉलिशवर टाकले.

बाई फडकं घेऊन धावल्या. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचा हात थरथरतो. त्यांनी सरांना मायेनं खुर्ची दिली आणि पुढची वाइन निम्मीच ओतली. सरांनी तीही टाकली. बाई पुन्हा वाकल्या. मी माझ्या इंग्रजीत समजावायला गेलो की ही आमच्याकडच्या डोंगराची रीत आहे, पहिला घोट जमिनीचा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि सरांना बाहेर अंगणात बसवण्याची व्यवस्था केली. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. सर अंगणात खूश होते. तिथे माती होती. ती त्यांनी चिमटीत घेतली, बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीत म्हणाले, "तांबडी आहे. एवढ्या पोरांना काळी सांगितली." दुपारपर्यंत खिडकीबाहेरची माती बघत राहिले.

दुसऱ्या वायनरीत उन्हामुळे अण्णांना टॅक्सीत बसवेना, म्हणून ते कुंपणापाशी झाडाखाली उभे राहिले. आत टेबलावर एक मोठं भांडं ठेवलेलं होतं. तिथल्या तरुणानं समजावून सांगितलं की वाइन तोंडात घोळवायची आणि गिळायची नसेल तर यात टाकायची. म्हणजे चक्क पिकदाणी. सर त्या भांड्याकडे बघतच राहिले. अन्न असो की दारू, तोंडातलं थुंकायचं ही गोष्ट त्यांच्या पचनी पडेना. शेवटी मला म्हणाले, "आम्ही पहिला टाकला तर फडकं घेऊन धावतात. हे शेवटचा टाकतात, त्याला भांडं देतात." हे उत्तर नव्हतं, प्रश्नही नव्हता, म्हणून ते त्याच दिवशी बोलले असावेत.

बाहेर येऊन बघतो तर अण्णा झाडाखाली नव्हते. ते कुंपणापलीकडे द्राक्षाच्या वेलांत उकिडवे बसले होते. "हे काय द्राक्ष आहे? मांडव कुठी आहे? एरंडासारखं झुडूप ठेवलंय!" खोड मांडीएवढं जाड, वर गुडघ्याएवढं झुडूप आणि त्याला काळे घोस. नाशिककडच्या बागा पाहिलेल्या अण्णांना ते पटेना. त्यांनी बुंध्याभोवती बोटांनी उकरलं, ठिबकची नळी शोधली, सापडली नाही. परतताना सरांनी त्यांना तळघराच्या दारापाशी थांबवलं. आत मांडण्यांवर शेकडो बाटल्या झोपवून ठेवलेल्या. "देख अण्णा," सर त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "आठे बठ्ठ्या बाटल्या आडव्याच शेत." म्हणजे इथे सगळ्याच बाटल्या आडव्या. अण्णांना हसायचं नव्हतं. पण ते हसले, आणि हसल्याबद्दल टॅक्सीत बसेपर्यंत स्वतःवरच चिडलेले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काच बंद केलेल्या टॅक्सीतून कुंपणापर्यंत, कुंपणापासून वेलांपर्यंत, वेलांपासून तळघराच्या दारापर्यंत. बुजऱ्या बैलाला नव्या गोठ्याची सवय करावी तसं सर अण्णांना आत आणत होते.

त्या संध्याकाळी निखिलनं मला बाजूला घेतलं. "काका, उद्या आमच्या वायनरीकडे येऊ नका. उद्या दिवसभर मी तिथेच आहे. सरकाकांना समजवा. अण्णांनी असं बघितलं तर ते पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत. मी ओळखतो त्यांना." मी सरांना निरोप दिला. सरांनी लक्षपूर्वक ऐकलं. सकाळी टॅक्सीवाल्याला त्यांनी नेमका तोच पत्ता सांगितला.

ती वायनरी छोटी होती. दगडी शेड, पत्र्याचं छप्पर, आणि दारातूनच येणारा आंबूस वास. अण्णांनी या वेळी नाकाला रुमाल लावला नाही, याची मी नोंद घेतली. ते आमच्या मागून सावलीसाठी आत आले. आत ओळीनं लाकडी पिंपं होती आणि शेवटच्या पिंपापाशी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला, बाह्या सारलेला निखिल नळीनं पाणी मारून भरलेलं पिंप बाहेरून धूत होता. कोपरापर्यंत हात काळे. त्यानं मान वर केली आणि पाणी चालूच राहिलं.

अण्णा बघत होते. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "हे ज्यूस आहे?"

"नाही, अण्णा."

"मग?"

"वाइन आहे. मी करतो." निखिलनं पिंपावर हात ठेवला. "हे पिंप माझं आहे."

मला वाटलं आता अण्णा हात उगारतील. ते वळले आणि दारातून बाहेर, उन्हात, वेलांच्या ओळींत चालत गेले. बराच लांब जाऊन थांबले, आमच्याकडे पाठ करून. निखिलनं नळ बंद केला आणि तो पिंपापाशीच थांबला. त्या शेडमध्ये मी इतका अवघडून कधीच उभा नव्हतो. आपण का आलो, या भूगोलवाल्या म्हाताऱ्याला हे कोणी सांगितलं होतं, असं मनात येत होतं.

सर निखिलला म्हणाले, "यातली दे." निखिलनं काचेच्या नळीनं पिंपातून काढून ग्लास भरला. ग्लास घेऊन सर वेलांत निघाले. मी मागे गेलो, कारण दोघांची वयं बघता कोणीतरी जवळ असावं असं मला वाटलं.

"तुले मालूम होतं," अण्णा न वळता म्हणाले. सर गप्प. "तुह्या वहिनीलेबी मालूम असेल. बठ्ठ्यांना मालूम होतं, मी एकटाच येडा. गावची बाटली आडवी केली मी. आन माह्याच घरात भट्टी!"

सरांनी ग्लास पुढे केला. अण्णांनी तो झटकायला हात उचलला, पण झटकला नाही.

"पेवाले कोन सांगस तुले? पेऊ नको," सर म्हणाले. "पहिला घोट आपला नही ऱ्हास. तेवढा टाकी दे."

"कोनाच्या नावानं?"

प्रश्न विचारला गेला होता. आता याचं उत्तर उद्या येणार, असं मी सवयीनं धरून चाललो. पण सर लगेच म्हणाले, "दादाना."

मी त्यांना इतक्या वर्षांत कोणालाही त्याच क्षणी उत्तर देताना पाहिलं नव्हतं. अण्णांनीही नसेल पाहिलं. ते वळले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"ज्यानं तो गेला, तेच त्याले पाजू?" अण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "डॉक्टरनं बंद सांगितली होती. मी खोलीत कोंडून ठेवला त्याले. शेवटच्या दिवशी मांगत होता. एक घोट, एकच घोट म्हने. मी देली नाही." स्वतःलाच सांगितल्यासारखे म्हणाले, "बरोबरच केलं."

"बरोबरच करं तू," सर म्हणाले. "आते दे."

अण्णांनी ग्लास घेतला. कितीतरी वेळ तो नुसता हातात धरून उभे होते. मग वाकले आणि त्या जुन्या वेलाच्या बुंध्याशी ओतू लागले. चार थेंब नाही, सगळा ग्लास. तांबड्या मातीनं तो पिऊन टाकला. अण्णा तसेच वाकून राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते. सर त्यांच्या शेजारी उभे राहून समोरच्या टेकड्यांकडे बघत होते. मी माझ्या चपलांकडे.

पुढचं मला नीट आठवतं, कारण ते फारच साधं होतं. अण्णांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, बुंध्याची ओली माती बोटांनी चेपून पाहिली आणि शेडकडे बघून मोठ्यानं हाक मारली, "निखिल! या झाडाले पानी किती देता रे?"

निखिल रबरी बुटांतून धावत आला. "नाही देत, अण्णा. पावसावरच आहे. मुळं फार खोल गेलीत."

"ठिबक?"

"नाही."

ज्या माणसाचं आयुष्य ठिबकच्या नळ्या विकण्यात गेलं, त्याला हा दुसरा धक्का होता. बापलेक ओळीतून चालत गेले. कोणता वेल कोणी लावला, छाटणी कधी, घोसाचं वजन किती, असं काय काय बोलत होते. दारूचा शब्द दोघांनीही काढला नाही. वहिनींना फोन मी केला. त्या ऐकत राहिल्या, आणि मग एवढंच म्हणाल्या, "जेवले का दोघं?"

परतताना टॅक्सीत अण्णांनी सरांना विचारलं, "आता गावात काय सांगू?" सर नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला टोस्टवर लोणचं लावता लावता म्हणाले, "सांगजो, पोरगा द्राक्षनी शेती करस." तोडगा चांगला होता. खोटंही नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची गरज नाही, आणि भांडं कोणाला दिसतही नाही. मला तर फार आवडला. अण्णांनी लोणच्याची बाटली स्वतःकडे ओढली.

पुढच्या हिवाळ्यात निखिल घरी आला. अण्णांनी त्या वर्षीची भरीत पार्टी दुप्पट मोठी केली. जामनेरहून वहिनींचे एक भाऊ आले होते, मतदानाच्या वेळी अण्णांबरोबर दारोदार फिरलेले, अण्णांपेक्षाही कडक. पंगत बसली. निखिल भरीत वाढत होता. त्याच्या नखांत पिंपांच्या कामाचा जांभळा रंग अजून होता. भावांनी तो पाहिला आणि अण्णांना सहज विचारलं, "काय पावनं, तिकडे नेमकं काय करतं पोरगं?"

वहिनी उठल्या नाहीत. मी आणि सर समोरासमोर बसलो होतो. मला उत्तर माहीत होतं, मी मनातल्या मनात म्हणतही होतो, द्राक्षाची शेती, द्राक्षाची शेती.

"वाइन करतं," अण्णा म्हणाले. "दारूच म्हना. चांगली करतं."

भावांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "चांगली का वाईट, तुमाले काय कळतं? तुम्ही पेले?"

"मी नाही पेलो," अण्णा म्हणाले. "दादाले पाजली."

निखिलच्या हातातली पळी तशीच राहिली. अण्णाच मग त्याला म्हणाले, "वाढ ना रे मामाले. थंड होतंय."

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या हातात ताकाचा पेला होता. ते अण्णांकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांनी पेला सरळ तोंडाला लावला. पहिला घोट टाकायचा राहून गेला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.